उपाहारगृहे व बाहेरचे भोजन, नांदेड–लातूर परिसरातील

मूल्य देऊन तयार अन्न बसून खाण्याची सोय जेथे असते, त्या स्थळास उपाहारगृह, भोजनगृह किंवा खानावळ म्हणतात. बोलीभाषेत यांपैकी पहिल्या दोहोंना सरसकट ‘हॉटेल’ म्हटले जाते. इंग्रजीत मुक्कामाच्या जागेसाठी असलेला हा शब्द मराठवाड्यात चहाच्या टपरीपासून वातानुकूलित भोजनगृहापर्यंत सर्वांना लागू होतो, आणि मुक्कामाच्या जागेस मात्र ‘लॉज’ हे वेगळे नाव आहे. आप्तेष्टांसह हौसेने बाहेर जेवावयास जाणे ही नांदेड व लातूर या शहरांतील मध्यमवर्गीयांच्या जीवनातील आजची नित्याची गोष्ट असली, तरी तिचा इतिहास फार जुना नाही. ज्या समाजात कोणी, कोणाच्या हातचे, कोणाच्या शेजारी बसून खावे यांविषयी कडक निर्बंध होते, त्या समाजात अनोळखी माणसाने शिजविलेले अन्न अनोळखी माणसांच्या मध्ये बसून खाणे हा मोठाच बदल होता. नांदेड–लातूर परिसरात तो कसा घडला आणि कोठे अडला, हे पाहण्यासाठी तत्पूर्वीच्या सहभोजनाच्या रीती प्रथम लक्षात घ्याव्या लागतात.

यूरोपातही आजच्या अर्थाचे उपाहारगृह अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिस येथे उदयास आले. ‘रेस्टॉरंट’ या फ्रेंच शब्दाचा मूळ अर्थ शक्ती भरून आणणारा रस्सा असा होता. असा रस्सा विकणाऱ्या दुकानांतून पुढे स्वतंत्र मेजे, छापील पदार्थसूची व गिऱ्हाइकाला हवा तो पदार्थ हव्या त्या वेळी मागविण्याची मुभा, ही पद्धत रूढ झाली. तत्पूर्वीच्या सरायांत व खाणावळींत यजमान वाढील ते खावे लागे. महाराष्ट्रात या दोन्ही पद्धती आजही शेजारीशेजारी नांदतात : खानावळीत ‘ताट’ ठरलेले असते, हॉटेलात ‘ऑर्डर’ द्यावी लागते.

सहभोजनाच्या जुन्या रीती : धर्मशास्त्रात अन्नविक्रय निंद्य मानला गेला होता. प्रवासी मठ, धर्मशाळा किंवा नातलगाचे घर गाठी, नाही तर बरोबर बांधून घेतलेली भाकरी सोडी. गावात बाहेरचे जेवण म्हणजे निमंत्रणाचे जेवण. लग्नातील जेवणावळ, देवाचा भंडारा, सप्ताहाच्या समाप्तीचे गावजेवण आणि ‘चूलबंद आवतण’ हे त्याचे प्रकार होत. चूलबंद आवतण म्हणजे ज्या दिवशी निमंत्रित घरातील चूल पेटवावयाचीच नाही, लहानथोर सर्वांनी यजमानाकडे जेवावयाचे, असे निमंत्रण. पीर वा दर्ग्यास बोललेला नवस फेडण्यासाठी करावयाची ‘कंदुरी’ ही मराठवाड्याची खास रीत होय. तीत बोकड कापून उघड्यावर मोठ्या पातेल्यांत रस्सा शिजवितात आणि आप्त, मित्र, शेजारी यांना बोलावितात. अनेक हिंदू शेतकरी कुटुंबेही कंदुरी करतात.

या सर्व जेवणांचा कणा म्हणजे पंगत. पंगतीत बसणाऱ्यांची जात, मान व क्रम ठरलेला असे. गावजेवणातही दलितांना वेगळे व अखेरीस, कित्येकदा दूर बसवून वाढीत. ‘पंक्तिभेद’ हा शब्द मराठीत पक्षपाताचा पर्याय बनला, यावरून या प्रथेची खोली ध्यानात येते. तिला विरोधही याच भूभागातून झालेला आहे. पैठणच्या एकनाथांनी श्राद्धाचे अन्न अस्पृश्य मानलेल्यांना वाढले, ही कथा महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. लातूर जिल्ह्याच्या सीमेपलीकडे असलेल्या कल्याण (आजचे बसवकल्याण) येथे बाराव्या शतकात बसवेश्वरांनी ‘कायक’ व ‘दासोह’ ही तत्त्वे सांगितली. श्रमाने मिळविलेले इतरांसह वाटून खाणे, असा दासोहाचा आशय आहे. लातूर, उदगीर, निलंगा या पट्ट्यातील लिंगायत समाजात मठांतील अन्नदानाची परंपरा या तत्त्वाशी जोडलेली आहे.

नांदेडमध्ये ‘पंगत’ हाच शब्द अगदी उलट अर्थाने रुजला. गुरू गोविंदसिंग यांचे १७०८ मध्ये गोदावरीकाठी नांदेड येथे देहावसान झाले. त्या स्थळी महाराजा रणजितसिंग यांच्या आश्रयाने १८३२ ते १८३७ या काळात सचखंड श्री हजूर साहिब या गुरुद्वाऱ्याची वास्तू उभी राहिली. शीख परंपरेत लंगरच्या पंगतीत सर्वांनी एकाच पातळीवर, जमिनीवर बसून, एकच अन्न खावयाचे असते. आधी पंगत आणि मग संगत, हा दंडक तिसरे गुरू अमरदास यांच्या काळापासून मानला जातो [⟶ शीख धर्म]. नांदेडचा लंगर शहरातील विद्यार्थी, रुग्णांचे नातेवाईक, बाजारास आलेले खेडूत व वाटसरू या सर्वांना खुला राहिला. वरण, पोळी, भात असे साधे अन्न तेथे मिळते. परंतु कोणत्याही घरातील वा हॉटेलातील जेवणात नसलेली एक गोष्ट त्यात होती : शेजारी कोण बसणार हे जेवणाऱ्याच्या हाती नव्हते. मराठवाड्यात पंगत आणि समता यांचा एकत्र अनुभव सामान्य माणसाला प्रथम बहुधा येथेच आला.

वेळ अमावास्या : लातूर जिल्हा, धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद), सोलापूर व नांदेडचा काही भाग आणि लगतचा कर्नाटक येथे मार्गशीर्ष अमावास्येस साजरा होणारा हा सण म्हणजे या परिसरातील सर्वांत मोठे वनभोजन होय. बोलीत त्याला ‘येळवस’ असेही म्हणतात. कन्नडमधील ‘एळ्ळ अमावास्ये’ या नावाशी त्याचा संबंध स्पष्ट आहे. ‘एळ्ळु’ म्हणजे तीळ. या दिवशी कुटुंबे पहाटेपासून रांधलेले अन्न घेऊन शेतात जातात. ज्वारीच्या कडब्याची कोप उभारून तीत पांडव म्हणून पाच दगड मांडतात, लक्ष्मीची पूजा करतात आणि उभ्या पिकात आंबील शिंपडतात. भोजनाचा मुख्य पदार्थ ‘भज्जी’ हा आहे. तुरीचे ओले दाणे, ओला हरभरा, वाल-पावटे, शेंगदाणे व हंगामातील भाज्या एकत्र शिजवून, हरभऱ्याच्या डाळीचे पीठ लावून ती करतात. तिच्यासोबत बाजरीचे उंडे, ज्वारीची भाकरी, गव्हाची खीर आणि मडक्यात मुरवलेली ताक-ज्वारीची आंबील असते. सायंकाळी काही गावांत कडब्याची पेंढी पेटवून ती शेताभोवती फिरवितात.

या सणाचे सामाजिक वैशिष्ट्य असे, की ज्याला शेत नाही त्याला शेत असलेल्या मित्राने बोलवावयाचेच असते. शहरात राहणारे शिक्षक, कारकून, दुकानदार, डॉक्टर असे अनेक लोक त्या दिवशी कोणाच्या तरी शेतावर असतात. परजातीचे व परधर्माचे मित्रही आवर्जून बोलाविले जातात. अर्थात शेतावर राबणाऱ्या सालगड्याचे ताट मालकाच्या ताटाशेजारी मांडले जाई, असे मात्र सर्वत्र नव्हते. आणि भज्जी ढवळण्यापासून वाढण्यापर्यंतचे सर्व श्रम स्त्रियांचेच असत. बाहेर जेवण्याची हौस भागली, तरी त्यांची चूल बंद होत नसे, ती फक्त शेतात जाई.

हॉटेल व खानावळ यांचा उदय : नांदेड व लातूर हे दोन्ही भाग १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होते. हैदराबाद–गोदावरी खोरे रेल्वे १९०० च्या सुमारास नांदेडवरून सुरू झाली, तर बार्शी लाइट रेल्वे १९११ मध्ये लातूरला पोहोचली. रेल्वेस्थानके ही खेड्यातील माणसाने विकतचे अन्न-पाणी घेण्याची पहिली ठिकाणे ठरली. तेथेही ‘हिंदू पाणी’ व ‘मुसलमान पाणी’ यांच्या वेगळ्या व्यवस्था होत्या. पुण्यासारख्या शहरातही परिस्थिती फार निराळी नव्हती. पंच हौद मिशनमध्ये १८९० साली घेतलेल्या चहावरून न्यायमूर्ती रानडे व लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांना ग्रामण्याला सामोरे जावे लागले, हे प्रसिद्धच आहे. मुंबईत मामा काणे यांचे उपाहारगृह १९१० मध्ये निघाले, इराण्यांची हॉटेले वाढली, गिरणी कामगारांच्या खानावळी गल्लोगल्ली उभ्या राहिल्या. परंतु ते वारे मराठवाड्यात हळूहळूच पोहोचले. येथील पहिला प्रभाव मुंबई-पुण्याचा नव्हे, तर हैदराबादचा होता.

नांदेडच्या जुन्या वस्तीतील हॉटेलांवर ही छाप आजही दिसते. दाट दुधाचा चहा, उस्मानिया बिस्किटे, सकाळची निहारी, बिर्याणी, दालचा, तहारी हे पदार्थ हैदराबादी परंपरेतील होत. उत्तर मराठवाड्यातील छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथे नान-खलिया हा पदार्थ प्रसिद्ध असून त्याचा संबंध परंपरेने मुहम्मद तुघलकाच्या दौलताबादेतील आगमनाशी जोडतात. या हॉटेलांत शिळोप्याच्या गप्पा, उर्दू वृत्तपत्रांचे वाचन व मुशायऱ्यांची चर्चा चाले. त्यांचे गिऱ्हाईक मात्र जवळजवळ पूर्णपणे पुरुष होते.

लातूरचे चित्र वेगळे होते. लातूर ही मुख्यतः धान्याची पेठ. मध्यभागी गंजगोलाई व तिला येऊन मिळणारे सोळा रस्ते अशी तिची आखणी आहे. तूर, हरभरा, करडई, पुढे सोयाबीन घेऊन आलेल्या शेतकऱ्यास मालाचा सौदा व पट्टी होईपर्यंत थांबावे लागे. आडत दुकानाच्या ओसरीवर घरची भाकरी सोडणे ही जुनी पद्धत. तिच्या जागी बाजाराभोवती खानावळी आल्या. लिंगायत खानावळी हा त्यांतील एक ठळक प्रकार होय. पातळ ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची वा कारळाची चटणी, मोड आलेल्या कडधान्याची उसळ, भरले वांगे, वरण-भात व ताक असे शुद्ध शाकाहारी ताट तेथे मिळते. या खानावळींचे आप्त उत्तर कर्नाटकात सर्वत्र आढळतात. दक्षिणेकडून आलेला दुसरा प्रवाह उडुपी हॉटेलांचा. स्वच्छता, झटपट सेवा, ठरावीक दर आणि इडली-डोसा हे घरी न होणारे पदार्थ यांमुळे कुटुंबासह बाहेर खाण्याची भीड मोडण्यास त्यांचा मोठा हातभार लागला.

प्रवेशाचा प्रश्न : हॉटेल हे पैसे देईल त्याचे, हे तत्त्व कागदावर सोपे असले, तरी खेड्यांतील चहाच्या हॉटेलांत ते दीर्घकाळ अमलात आले नाही. दलितांसाठी वेगळे, बहुधा कान तुटलेले कप बाहेर ठेवलेले असत. चहा वरून ओतला जाई व कप ज्याचा त्याने विसळावयाचा असे. कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी गंगाराम कांबळे या दलित व्यावसायिकास हॉटेल काढण्यास साहाय्य केले व तेथे स्वतः जाऊन चहा घेतला, ही घटना म्हणूनच महत्त्वाची ठरते. हैदराबाद संस्थानातील मराठवाड्यात राजसत्तेकडून असा पुढाकार झाला नाही.

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १५ मधील दुसऱ्या खंडात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे व हॉटेले यांच्या प्रवेशाबाबत धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांवरून कोणासही मज्जाव करता येणार नाही, असे स्पष्ट नमूद आहे. अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. अस्पृश्यता (अपराध) अधिनियम १९५५ नुसार उपाहारगृहात प्रवेश नाकारणे किंवा तेथील भांडी वापरू न देणे हा दंडनीय अपराध झाला. १९७६ मध्ये या कायद्यास नागरी हक्क संरक्षण अधिनियम असे नाव मिळाले व तो अधिक कडक करण्यात आला. संविधानकारांना उपाहारगृहाचा उल्लेख नावानिशी करावा लागला, यातच त्या काळच्या भारतीय उपाहारगृहाचे स्वरूप कळून येते. कायद्यानंतरही खेड्यांतील ‘दोन कपांची’ पद्धत लगेच गेली नाही. बाबा आढाव यांनी १९७२ मध्ये सुरू केलेली ‘एक गाव एक पाणवठा’ ही चळवळ आणि १९७८ मधील मराठवाडा विद्यापीठ नामांतराच्या ठरावानंतर नांदेड जिल्ह्यासह मराठवाड्यात उसळलेला हिंसाचार, यांवरून हा प्रश्न किती जिवंत होता ते दिसते. शहरातील हॉटेलाने मात्र एक गोष्ट साधली. तेथे वेटर नाव-गाव विचारीत नाही, आणि स्टीलचा पेला आधी कोण प्यायले हे कोणास कळत नाही. समतेच्या निष्ठेपेक्षा अनोळखीपणामुळे घडलेला हा बदल होय, पण तो टिकला.

मेस व डबा : हौसेच्या भोजनाआधी गरजेचे भोजन आले. पीपल्स कॉलेज (१९५०) व यशवंत महाविद्यालय (१९६३) यांमुळे नांदेडला, तर दयानंद महाविद्यालय (१९६१) व राजर्षी शाहू महाविद्यालय (१९७०) यांमुळे लातूरला खेड्यापाड्यांतून विद्यार्थी येऊ लागले. पूर्वीच्या पिढीतील गरीब विद्यार्थी वार लावून किंवा माधुकरी मागून जेवत. नव्या पिढीने खोली घेतली व मेस लावली. लातूर पॅटर्न या नावाने ओळखली जाणारी अध्यापनपद्धती १९८० नंतरच्या काळात गाजू लागली, तेव्हापासून मेस हा लातूरमधील एक मोठा घरगुती व्यवसाय बनला. विधवा, परित्यक्ता व अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांतील स्त्रियांनी तो मोठ्या प्रमाणात चालविला. मुंबईत प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये खानावळवाल्या स्त्रियांचे संघटन अन्नपूर्णा महिला मंडळाच्या रूपाने केले. लातूरच्या मेसवाल्या स्त्रियांचे श्रम त्याच जातीचे, पण विखुरलेले राहिले. ज्यांना मेसही परवडत नसे, त्यांच्यासाठी आई पहाटे भाकरी थापून डबा एस.टी.च्या गाडीत ठेवी आणि मुलगा तो स्थानकावर उतरवून घेई. गाडी चुकली की तो दिवस उपाशी. मराठवाड्यातील अनेक अभियंते व डॉक्टर या डब्यावर शिकले.

दुष्काळ व टंचाई यांचेही सावट या इतिहासावर आहे. १९६५ मध्ये पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी सोमवारी एक वेळ उपवास करण्याचे आवाहन केले, तेव्हा देशातील अनेक उपाहारगृहे सोमवारी सायंकाळी बंद राहू लागली. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातील लाखो लोक रोजगाराच्या कामांवर होते. तेथे वाटलेली सुकडी व आयात केलेला मिलो हेच त्यांचे बाहेरचे जेवण. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. ज्या शहरात पिण्याचे पाणीच रेल्वेने येते, तेथे हॉटेलात भांडी धुणेही प्रश्न होऊन बसते.

कौटुंबिक भोजनगृहे : १९७० नंतर, आणि विशेषतः लातूर जिल्हा १९८२ मध्ये स्वतंत्र झाल्यावर, दोन्ही शहरांत नोकरदार व व्यापारी वर्ग वाढला. ट्रकचालकांसाठी महामार्गांवर निघालेले पंजाबी पद्धतीचे धाबे शहरी कुटुंबांचे रविवारचे ठिकाण बनू लागले. हॉटेलांच्या पाट्यांवर ‘फॅमिली रूम’ हे शब्द आले. आरंभी ही लाकडी आडोशाची, पडदा लावलेली लहान दालने असत. स्त्रियांनी बाहेर जेवावे, परंतु दिसू नये, असा तो मध्यममार्ग होता. ‘परमिट रूम’ असलेल्या हॉटेलांत तर कुटुंबाचे व मद्यपानाचे दरवाजे वेगळे असावे लागत. पुढे ‘फॅमिली गार्डन’ आले आणि पडदे गेले.

या बदलाचा खरा अर्थ पदार्थांत नसून क्रमात आहे. घरी पुरुष व मुले आधी, सून सर्वांच्या शेवटी, उरलेसुरले जेवत असे. हॉटेलातील मेजावर सासरा, सून, लेक व नातू एकाच वेळी बसतात, सुनेलाही गरम पोळी मिळते आणि ‘तुला काय हवे?’ हा प्रश्न तिला विचारला जातो. असा प्रश्न विचारला जाण्याची सवय घरातील पंगतीत तिला नव्हती. वाढदिवस, परीक्षेचा निकाल, पहिला पगार, नव्या जावयाचे स्वागत अशा निमित्तांनी हे भोजन रूढ झाले.

पदार्थसूचीची गंमत अशी, की या भोजनगृहांतून स्थानिक अन्न बराच काळ हद्दपारच होते. तंदुरी रोटी, पनीरच्या भाज्या, काजू करी, मसाला डोसा, गोबी मंचुरियन हे पदार्थ मिळत. घरी रोज होणारे पिठले-भाकरी, येसराची आमटी, धपाटे, वरणफळे, सुशीला यांसाठी पैसे मोजण्याची कल्पनाही कोणास शिवली नसती. शहरात घरची चूल गेली, भाकरी थापणारे हात कमी झाले, तेव्हा हेच पदार्थ ‘गावरान’ व ‘चुलीवरचे’ अशा पाट्यांखाली महाग होऊन परतले. हिवाळ्यात शेतावर गोवऱ्यांच्या आगटीत कोवळी ज्वारी भाजून खाण्याचा हुरडाही आता माणशी दर आकारून मिळतो. शेताची ओढ विकत घेण्याची ही सोय सोयीची खरी, पण मित्राने बोलावलेल्या हुरड्याची बरोबरी तिला साधलेली नाही.

गुरुतागद्दी त्रिशताब्दीनिमित्त २००८ मध्ये नांदेडमध्ये रस्ते, विमानतळ व यात्रीनिवास यांची मोठी कामे झाली. देशविदेशांतून येणाऱ्या भाविकांसाठी निवास व भोजनाच्या नव्या सोयी उभ्या राहिल्या आणि त्यांचा लाभ शहरातील कुटुंबांनीही घेतला. २०२० मधील करोना साथीच्या टाळेबंदीत भोजनगृहांतील बैठका बंद झाल्या. महाराष्ट्रात त्या ऑक्टोबर २०२० मध्ये निर्बंधांसह पुन्हा सुरू झाल्या. घरपोच अन्नसेवेची सवय त्या काळात दृढ झाली. अल्प दरातील भोजनासाठी राज्य शासनाने १९९५ नंतर एक रुपयाची झुणका-भाकर केंद्रे काढली होती, ती पुढे बंद पडली. २६ जानेवारी २०२० पासून दहा रुपयांची शिवभोजन थाळी सुरू करण्यात आली.

वेळ अमावास्येच्या दिवशी मात्र लातूरची बाजारपेठ ओस पडते, रस्ते निर्मनुष्य होतात आणि बहुतेक हॉटेले बंद असतात. मालक, आचारी, वेटर आणि गिऱ्हाईक हे सर्वच त्या दिवशी कोणाच्या ना कोणाच्या शेतावर भज्जी-आंबिलीच्या जेवणास गेलेले असतात.